घरात मोठं आजारपण असेल तर किराण्याचा खर्च कसा भागवायचा: रेशन कार्डापासून तहसीलपर्यंत सगळं

वडलांचं डायलिसिस सुरू होऊन पाच-सहा महिने झाले असतील, तेव्हा एक दिवस माझ्या लक्षात आलं की आईने चहात दूध घालणं बंद केलंय. विचारलं तर म्हणाली, मला आवडतच नाही हल्ली. मग हळूहळू कळलं की डाळ पातळ झालीये, अंडी फक्त बाबांपुरती येतायत, आणि धाकट्या भावाच्या डब्यात आठवड्यात चार दिवस बटाटाच असतो. औषधाला पैसे कमी पडले तर आपण नातेवाइकांकडे मागतो, पण घरात जेवायला कमी पडतंय हे तोंडातून निघत नाही. म्हणून हा लेख. आम्हाला जे दीड वर्ष धक्के खाऊन कळलं ते तुम्हाला एका बैठकीत कळावं एवढीच इच्छा. सगळं महाराष्ट्रातलं आहे.

आधी एक गोष्ट सांगते म्हणजे पुढचं सोपं जाईल. "आजारी माणसाच्या घराला जेवणाचे पैसे" अशा नावाची योजना टीबी सोडला तर जवळपास नाहीच. मदत वेगवेगळ्या नावांनी विखुरलेली असते, थोडं धान्य रेशनमधून, थोडे पैसे तहसीलमधून, काही एसटीच्या भाड्यात वाचतात, काही औषधात वाचतात, आणि हे सगळं जोडलं की महिन्याचा किराणा निघतो. त्यामुळे एकच मोठी मदत शोधत बसू नका, छोट्या छोट्या चार-पाच लावून घ्या, आणि त्या खाली दिलेल्या क्रमाने लावा कारण एकाचा कागद दुसऱ्याला लागतो.

पहिली पायरी: रेशन कार्ड बाहेर काढा आणि नीट बघा

घरात केशरी कार्ड आहे म्हणजे धान्य मिळतं असं नाही. केशरी कार्डात दोन प्रकार आहेत, एक "प्राधान्य कुटुंब" शिक्का असलेलं आणि एक बिनशिक्क्याचं. शिक्का असेल तरच अन्नसुरक्षा कायद्याचं (२०१३ चा कायदा) धान्य मिळतं, माणशी महिन्याला ५ किलो. अंत्योदय कार्ड असेल तर माणसं कितीही असोत, कुटुंबाला ३५ किलो. जानेवारी २०२३ पासून हे धान्य पूर्ण फुकट आहे आणि जानेवारी २०२४ पासून पुढे ५ वर्षांसाठी ते वाढवलंय, त्यामुळे दुकानदार या धान्याचे पैसे मागत असेल तर ते चूक आहे. (अंत्योदयला साखर मिळते तिचे पैसे द्यावे लागतात, ते वेगळं.)

प्राधान्य कुटुंबात बसायला वार्षिक उत्पन्न गावात ४४,००० आणि शहरात ५९,००० च्या आत लागतं. आता खरा मुद्दा ऐका. आजारपणाने घराचं उत्पन्न पडतं पण कार्डावर जुनंच उत्पन्न राहतं. कमावता माणूस अंथरुणाला खिळलाय, दुसरा त्याच्यासाठी कामावर खाडे करतोय, आणि कार्ड मात्र तो नोकरीत असतानाचं. म्हणून तलाठ्याकडून चौकशी करून घेऊन तहसीलदाराचा नवीन उत्पन्नाचा दाखला काढा, सेतू किंवा आपले सरकार केंद्रात अर्ज होतो, सेवा हक्क कायद्याप्रमाणे १५ दिवसांत मिळायला हवा. हा दाखला पुढे सगळीकडे लागणार आहे म्हणून हे सगळ्यात आधी. चार-पाच झेरॉक्स काढून ठेवा.

दाखला घेऊन तहसीलच्या पुरवठा शाखेत जायचं (मुंबई-ठाण्यात शिधावाटप कार्यालय) आणि प्राधान्य कुटुंबात समावेशासाठी लेखी अर्ज करायचा. तिथे बहुतेक वेळा एक उत्तर मिळतं, "इष्टांक संपलाय". म्हणजे तालुक्याला ठरवून दिलेली लाभार्थ्यांची संख्या भरलीये. हे खोटं असतंच असं नाही, पण ते ऐकून परत येऊ नका. अर्ज द्या, पोच घ्या, कारण मयत आणि दुबार नावं कमी होत असतात आणि जागा झाली की ज्यांचे अर्ज पडून आहेत त्यांचाच नंबर लागणार. आम्ही दोनदा तोंडी विचारून परत आलो, त्यात सात महिने गेले, तिसऱ्यांदा अर्ज देऊन पोच घेतली तेव्हा काम पुढे सरकलं.

अंत्योदयबद्दल बऱ्याच जणांना माहीतच नाही. अंत्योदयच्या निकषांत भूमिहीन मजूर वगैरेंबरोबर हेही आहे की ज्या कुटुंबाचा प्रमुख विधवा, अपंग, दुर्धर आजाराने ग्रस्त किंवा ६० वर्षांवरचा आहे आणि ज्याला जगायचं खात्रीचं साधन किंवा कुणाचा आधार नाही, असं कुटुंब त्यात बसतं. दारिद्र्यरेषेखालच्या एचआयव्हीबाधितांच्या कुटुंबांना तर प्राधान्याने घ्यायच्या केंद्राच्या सूचना २००९ पासून आहेत. अर्जात हे शब्द जसेच्या तसे लिहा, "कुटुंबप्रमुख दुर्धर आजाराने ग्रस्त असून उत्पन्नाचे खात्रीचे साधन नाही". पण आधी गणित करा. घरात तिघं असाल तर प्राधान्यात १५ किलो मिळणार आणि अंत्योदयात ३५, म्हणजे धडपड करण्यासारखी आहे. आठ जण असतील तर प्राधान्यातच ४० किलो मिळतात, मग कशाला.

ई-केवायसी (कार्डावरच्या प्रत्येकाची आधारवरून ओळख पटवणं) राहिली असेल तर आजच करा. ज्याची झाली नाही त्याचं धान्य थांबू शकतं, आणि राहतं ते नेमकं आजारी माणसाचंच, कारण त्याला दुकानापर्यंत नेता येत नाही. यासाठी "मेरा ई-केवायसी" नावाचं मोबाईल ॲप आहे, त्यात चेहरा दाखवून घरबसल्या होतं. म्हाताऱ्यांचे अंगठे मशीनवर उमटत नाहीत हा दुसरा त्रास, त्यावर उपाय म्हणजे धान्य आणायला घरातल्या दुसऱ्या सभासदाने जायचं, कार्डावर नाव असलेल्या कुणाचाही अंगठा चालतो. आणि माणूस एकटाच राहत असेल, अंथरुणावर असेल, तर नॉमिनी (त्याच्या वतीने धान्य आणणारा माणूस) नेमायची सोय आहे, पुरवठा शाखेत विचारा.

उपचारासाठी गाव सोडून मुंबई-पुण्यात राहावं लागत असेल तर कार्ड बदलायची गरज नाही. एक देश एक रेशन कार्डमुळे तुमचा कार्ड नंबर आणि अंगठा यावर कुठल्याही रेशन दुकानात धान्य मिळतं, आणि अर्धं इथे अर्धं गावात असंही उचलता येतं. परळमध्ये महिनोन्‌महिने राहणारी कितीतरी कुटुंबं हे माहीत नसल्याने बाहेरून तांदूळ विकत घेतात.

दुकानदार नाही म्हणाला तर १९६७ किंवा १८००-२२-४९५० या हेल्पलाइनवर तक्रार करता येते. आमच्या इथल्या एका दुकानदाराने तीन महिने "मशीन बंद आहे" सांगून आम्हाला परत पाठवलं, तक्रार नंबर दाखवल्यावर चौथ्या महिन्यात धान्य मिळालं. त्याच्यावरही दिवसभर गावाची बोलणी खायची वेळ येते हे मला कळतं, पण घरात पेशंट असताना तीन महिने फार होतात.

दुसरी पायरी: उपचाराचा खर्च किराण्याच्या पैशातून काढणं थांबवा

हे जेवणाच्या लेखात का, असं वाटेल. पण आमच्या घरात किराणा कमी झाला तो डायलिसिसमुळेच. पहिले चार महिने आम्ही खासगीत रोख भरत होतो, कुणी सांगितलंच नाही की महात्मा फुले जन आरोग्य योजनेत ते होतं. आता ही योजना महाराष्ट्रातल्या सगळ्या रेशनकार्डधारकांना आहे, पांढऱ्या कार्डालासुद्धा, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्राचा (योजनेचं काम बघणाऱ्या माणसाचा) टेबल असतो, आधी त्याच्याकडे जायचं, बिल व्हायच्या आधी. चौकशीचा नंबर १५५३८८. ॲडमिट असताना पेशंटचं जेवण आणि सुट्टी झाल्यावर घरी जायचं एसटी भाडंही त्या पॅकेजमध्ये धरलेलं आहे, हे विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही म्हणून विचारा.

धर्मादाय हॉस्पिटल असेल (ट्रस्टची मोठमोठी हॉस्पिटलं यात येतात) तर १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. निर्धन म्हणजे वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांच्या आत, दुर्बल म्हणजे ३ लाख ६० हजारांच्या आत. हॉस्पिटल जेवण पुरवत असेल तर निर्धन रुग्णाच्या बिलात ते लावायचं नसतं. इथे परत तोच तहसीलदाराचा दाखला लागतो.

बीपी, शुगरच्या रोजच्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, उपकेंद्रात, आपला दवाखान्यात फुकट मिळतात. ज्या मिळत नाहीत त्या जनऔषधी केंद्रात डॉक्टरांना विचारून घटकाच्या नावाने घ्या. आमच्या घरी या एका बदलानेच आईचं दूध परत सुरू झालं.

प्रवासाचंही बघा. डायलिसिस, सिकलसेल, हिमोफिलिया आणि एचआयव्हीच्या रुग्णांना एसटीच्या साध्या बसमध्ये प्रवास मोफत आहे, कॅन्सरच्या पेशंटलाही सवलत आहे, आगारात विचारून हॉस्पिटलचं प्रमाणपत्र जोडायचं. सोबत बाई जात असेल तर तिला अर्धं तिकीट आहेच. आठवड्यातून तीनदा जाऊन-येऊन म्हणजे सहा फेऱ्या, महिन्याच्या पंचवीसेक होतात, त्यात किती लिटर दूध येतं ते तुम्हीच मोजा. रेल्वेतही कॅन्सर, किडनी, टीबी, थॅलेसेमिया, सिकलसेल अशा आजारांना सवलत आहे, त्यांचा ठरलेला फॉर्म असतो तो हॉस्पिटलकडून भरून घ्यायचा.

तिसरी पायरी: तहसीलमधून दरमहा पैसे

संजय गांधी निराधार अनुदान योजना. महिन्याला १,५०० रुपये, थेट बँकेत. वय ६५ च्या आत लागतं, ६५ च्या पुढे श्रावणबाळ योजना, तीही १,५०० ची. दिव्यांगांचं अनुदान २०२५ मध्ये वाढवून २,५०० केलंय.

यात क्षयरोग, पक्षाघात, कर्करोग, एड्स, कुष्ठरोग "यासारख्या दुर्धर आजारामुळे" स्वतःचं पोट भरू न शकणारे बसतात. किडनीचं नाव त्यात वेगळं दिसत नाही म्हणून आम्हाला खिडकीवरच परत पाठवलं होतं. पण "यासारख्या" हा शब्द महत्त्वाचा आहे, तो धरून ठेवायचा. जिल्हा शल्यचिकित्सक किंवा सरकारी हॉस्पिटलच्या अधीक्षकाकडून दाखला घ्यायचा, आणि त्या दाखल्यात फक्त आजाराचं नाव नको तर "या आजारामुळे रुग्ण काम करून चरितार्थ चालवू शकत नाही" हे वाक्य यायला हवं. डॉक्टर गडबडीत असतात, ते नुसतं आजाराचं नाव लिहून सही करतात, मग मंजुरी देणाऱ्या समितीत अर्ज अडकतो. नम्रपणे सांगा, साहेब एवढं वाक्य टाका. आमचं काम त्या एका ओळीनेच झालं.

उत्पन्नाची अट मात्र वार्षिक २१,००० ची आहे (दिव्यांगांना ५०,०००), किंवा दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव. एकवीस हजार म्हणजे महिन्याला पावणेदोन हजार, एवढ्यात कुठलं घर चालतं? ही अट खूप जुनी आहे आणि ती बदलायला हवी असं मला मनापासून वाटतं. पण खोटा दाखला काढू नका, नंतर वसुली लागते. अटीत बसत नसाल तर पुढचा रस्ता बघा, तो म्हणजे दिव्यांग प्रमाणपत्र.

२०१६ च्या दिव्यांग कायद्यात २१ प्रकार आहेत आणि त्यात थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल, पार्किन्सन, मल्टिपल स्क्लेरोसिस हेही आहेत. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेलची कितीतरी घरं आहेत जिथे हे प्रमाणपत्र काढलेलंच नाही, कारण दिव्यांग म्हणजे हातपाय नसलेला एवढंच डोक्यात असतं. शुगरमुळे पाय काढावा लागला किंवा नजर गेली तर तोही यात येतो. सिव्हिल हॉस्पिटलला तपासणी होते, युडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) मिळतं, आणि मग वाढीव अनुदान आहे, शिवाय ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करावे लागतात त्यातून मागता येतं. ग्रामसभेत लेखी अर्ज द्या.

घरात १८ च्या आतली मुलं असतील तर बालसंगोपन योजना जरूर बघा. आईबापांपैकी एक गेलेला असेल, किंवा गंभीर आजारामुळे, पालक हॉस्पिटलात असल्यामुळे घर विस्कटलं असेल, तर मुलामागे महिन्याला २,२५० रुपये मिळतात. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्याकडे, मंजुरी बालकल्याण समितीची. पैसे यायला उशीर होतो, सहा-सहा महिन्यांचे एकदम येतात, पण येतात.

पैसे न येण्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे आधार. हे पैसे फॉर्मवर लिहिलेल्या खात्यात जातीलच असं नाही, आधारशी जे खातं शेवटी जोडलंय त्यात जातात. कितीदा तरी पैसे एखाद्या विसरलेल्या जुन्या खात्यात पडून असतात. बँकेत जाऊन "आधार सीडिंग कुठल्या खात्याला आहे" विचारा. आणि लाडकी बहीणचे १,५०० घेत असलेल्या बाईला संजय गांधीचेही मिळतील असं धरू नका, दोन्हीकडे अर्ज केला तर एक बंद होतो.

टीबी असेल तर

टीबीला मात्र खास जेवणासाठीच पैसे आहेत. निक्षय पोषण योजना, २०१८ मध्ये महिना ५०० ने सुरू झाली, १ नोव्हेंबर २०२४ पासून महिना १,००० झाली. सहा महिन्यांच्या उपचाराचे ६,००० दोन हप्त्यांत, ३,००० निदान झाल्यावर लगेच आणि ३,००० उपचाराचे ८४ दिवस झाल्यावर. खासगी डॉक्टरकडे उपचार चालू असले तरी मिळतात, फक्त डॉक्टरांनी निक्षयवर, म्हणजे टीबी पेशंटच्या सरकारी ऑनलाइन नोंदणीत, नोंद केलेली हवी. विचारा त्यांना, डॉक्टर निक्षय आयडी काय आहे माझा? वजन फारच कमी असेल, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) १८.५ च्या खाली, तर पहिले दोन महिने जास्तीचा पोषक आहारही द्यायची सोय केलीये. याशिवाय निक्षय मित्र आहेत, म्हणजे कुणी संस्था, कंपनी, साधा माणूस पेशंटला दत्तक घेऊन महिन्याची फूड बास्केट देतो, धान्य, डाळ, तेल, शेंगदाणे किंवा दूध पावडर असं. त्यासाठी पेशंटची संमती नोंदवावी लागते, आशाताईंना किंवा टीबी सुपरवायझरला सांगा. फोन १८००-११-६६६६.

घरातल्या बाकीच्यांनाही खाऊ घाला, हे मी हात जोडून सांगते. झारखंडमध्ये २०१९ ते २०२२ या काळात एक मोठा अभ्यास झाला, त्यात टीबी पेशंटच्या घरच्यांना जादा धान्य-डाळ दिली तर त्यांना टीबी होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झालं. आता फूड बास्केट घरच्यांनाही देता येते, तशी मागणी करा.

चौथी पायरी: हॉस्पिटलमधला समाजसेवा विभाग

सरकारी आणि मोठ्या ट्रस्टच्या हॉस्पिटलात समाजसेवा अधीक्षक किंवा मेडिकल सोशल वर्कर असतात. लोक त्यांच्याकडे फक्त बिल कमी करायला जातात. त्यांच्याकडे कुठली संस्था किराणा किट देते, कुठे राहायची सोय आहे, कुठे दुपारचा डबा मिळतो याची यादी असते, पण स्पष्ट बोलावं लागतं. "घरी धान्य पुरत नाहीये, मुलं दोन आहेत, महिन्याला एवढं कमी पडतं" असं आकड्यात सांगा. मला हे बोलायला पहिल्यांदा इतकं जड गेलं की मी दारातून परत आले होते. दुसऱ्या दिवशी गेले, त्या मॅडमनी खुर्ची दिली, पाणी दिलं आणि पंधरा मिनिटांत दोन फोन केले.

मुंबईत कॅन्सरसाठी आलेल्यांनी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळची नाना पालकर स्मृती समिती इथे राहण्याचं विचारावं. लहान मुलाला कॅन्सर असेल तर सेंट ज्यूड केंद्रात राहणं मोफत असतं, स्वयंपाकाला जागा आणि शिधाही मिळतो, आणि कडल्स फाउंडेशन मुलांच्या आहारावरच काम करतं. या दोन्हींकडे उपचार करणाऱ्या हॉस्पिटलमार्फत जायचं. सोबतच्या माणसासाठी शिवभोजन केंद्र शोधा, १० रुपयांत दोन चपात्या, भाजी, वरण, भात, हॉस्पिटल आणि एसटी स्टँडजवळ पुष्कळ ठिकाणी असतं, दुपारीच मिळतं म्हणून वेळ धरून जा.

घरात लहान मुलं असतील तर अंगणवाडीचा आहार आणि शाळेतलं जेवण चुकवू नका. पेशंटच्या गडबडीत मुलांची शाळा बुडते आणि त्यांचं एक वेळचं जेवणही बुडतं.

आहे त्या पैशात काय आणायचं

इथे मी डॉक्टर नाही, पण एक चूक आम्ही केली ती सांगते. डायलिसिसच्या आधी बाबांना डाळ, अंडी कमी सांगितली होती. डायलिसिस सुरू झाल्यावर प्रोटीन उलट जास्त लागतं, पण आम्ही जुनाच तक्ता पाळत राहिलो, त्यात ते खंगले, आणि मग घाबरून महागड्या पावडरचे डबे आणले. सिव्हिलच्या आहारतज्ज्ञ बाईंनी सांगितलं की अंड्याचा पांढरा भाग रोज द्या, पावडर बंद केली तरी चालेल. बटाटा आणि भाज्या बारीक चिरून उकळून पाणी टाकायचं, म्हणजे पोटॅशियम कमी होतं. स्वस्त भाज्या बंद करायची गरज पडली नाही. तुमच्या पेशंटचं वेगळं असेल, म्हणून आहारतज्ज्ञाला भेटताना रेशनमध्ये काय मिळतं आणि महिन्याला किराण्याला किती रुपये आहेत ते लिहून घेऊन जा आणि म्हणा, एवढ्यात बसवून द्या. शुगरच्या पेशंटसाठी वेगळं पीठ, वेगळी बिस्किटं आणण्यापेक्षा घरातल्या सगळ्यांनीच ज्वारीची भाकरी, उसळ खाल्ली तर एकच स्वयंपाक होतो आणि पैसेही वाचतात.

एक फाइल करा. उत्पन्नाचा दाखला, रेशन कार्ड, सगळ्यांची आधार कार्डं, सरकारी डॉक्टरांचा दाखला, बँक पासबुकाचं पहिलं पान, फोटो आणि दिलेल्या प्रत्येक अर्जाची पोच. पोचेवर तारीख आणि शिक्का बघूनच खिडकी सोडा. महिन्याने काही झालं नसेल तर त्याच पोचेचा नंबर घेऊन जायचं, नवीन अर्ज करायचा नाही, नाहीतर परत रांगेत शेवटी. ही धावपळ पेशंट सांभाळणाऱ्यानेच करू नये, दुसरा भाऊ, भाचा, शेजारचा शिकलेला मुलगा कुणाला तरी द्या. आमच्याकडे हे सगळं माझ्या चुलतभावाने केलं, दर मंगळवारी तालुक्याच्या बाजाराला जायचा तेव्हा तहसीलमध्ये एक चक्कर मारून यायचा.